दीड वाजताचा बॅकअप

समाधान ओव्हाळ पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले, पण खातं काही त्यांच्यातून निवृत्त झालं नाही. कोथरूडला अंध विद्यार्थ्यांसाठी एक छोटं ध्वनिमुद्रण केंद्र होतं. तिथे ते विनामोबदला काम करत आणि तिथेही त्यांनी आवक-जावक रजिस्टर सुरू केलं होतं. वाचक माइकसमोर बसून कॉलेजची पुस्तकं वाचत, ती कॉम्प्युटरवर साठत आणि मुलं आपापल्या पेनड्राइव्हवर भरून नेत. २०११च्या मार्चपर्यंत अशी एक्केचाळीस पुस्तकं जमली होती.

ती हरवू नयेत म्हणून हिंजवडीला कॉम्प्युटर कंपनीत नोकरी करणाऱ्या आणि केंद्राला मदत करणाऱ्या अभयने दोन वर्षांपूर्वी दोन यूएसबी ड्राइव्ह आणून दिले होते. एक कॉम्प्युटरला जोडलेला आणि दुसरा कसबा पेठेत, इतिहासाची पुस्तकं वाचणाऱ्या हमीदभाईंच्या घरी. दर शनिवारी अदलाबदल करायची. बॅकअप आपोआप व्हायचा होता, दुपारी दीड वाजता, कारण एक ते चार केंद्र बंद आणि कॉम्प्युटर मोकळा. दुपारी बंद राहण्याचा पुण्यात कुणाला तरी उपयोग होतोय, म्हणून अभय खूश होता.

समाधानरावांनी एक शनिवार चुकवला नाही. ड्राइव्ह माकडटोपीत गुंडाळायचा, बसने कसब्यात न्यायचा, हमीदभाईंची सही घ्यायची, दुसरा घेऊन परत. लाल पट्टीचा, हिरव्या पट्टीचा, सगळं रजिस्टरमध्ये. नवा कॅबिनेट सचिव आला असता तरी त्याला बोट ठेवायला जागा नव्हती.

परीक्षेला बारा दिवस राहिले होते तेव्हा कॉम्प्युटरमधून टकटक असा आवाज आला आणि पडदा काळा झाला. हार्डडिस्क गेली. समाधानराव मुळीच घाबरले नाहीत. त्यांनी जरा ऐटीतच अभयला फोन केला आणि तो येताच हिरवा ड्राइव्ह पुढे केला. त्यात तीन पुस्तकं निघाली, दोन वर्षांपूर्वी अभयने स्वतः भरून दाखवलेली. कसब्यातून लाल मागवला, तो कोराच.

"काका, दुपारी एक वाजता जाताना तुम्ही काय करता?" अभयने विचारलं.

"कॉम्प्युटर नीट बंद करतो आणि मेन स्विच बंद करतो. वीज काय फुकट येते का?"

अभयने पुढे विचारलं, "आणि रोज सकाळी पडद्यावर इंग्रजीत एक सूचना यायची, बॅकअप झाला नाही म्हणून. ती?"

"यायची. मी फुलीवर टिचकी मारून घालवायचो."

"काका, डबा वेळेवर नेलात, वेळेवर आणलात. तेवढा भरला नाहीत."

डिस्क दुरुस्त करणारा म्हणाला, महिना लागेल आणि खात्री नाही. सतरा मुलं परीक्षेला बसणार होती. कुणी अजून पुस्तकं नेलीच नव्हती, कुणी ऐकून झालेले धडे जागेसाठी पुसले होते. केंद्राच्या अध्यक्षांनी ऑफिसमधून मुलांना कळवायला सांगितलं, तर समाधानराव म्हणाले, चूक माझी, फोन मीच करतो.

ते रजिस्टर उघडून एकेका मुलाला फोन करत गेले. कुणी रडलं, कुणी नुसतं "बरं काका" म्हणालं, आणि ते जास्त लागलं. जुन्या मुलांची नावंही त्याच पानावर होती. शिस्तीत तीही घेत ते वाघोलीच्या नाजिमापर्यंत पोचले. ती दोन वर्षांपूर्वीच पास होऊन आता एम.ए. करत होती.

"पुस्तकं गेली म्हणजे?" नाजिमा म्हणाली. "माझ्याकडे आहेत ना."

"अगं, तू तर पास झालीस. पुसली नाहीस?"

"पास झालं म्हणून पुस्तकं कोण टाकतं, काका? डोळस लोक कपाट ठेवतात. मी स्कॉलरशिपमधून ड्राइव्ह घेतला. कॉलेजच्या हॉस्टेलमधल्या मुली केंद्रातून नवीन काही आणतात, तेही त्यात ठेवते."

समाधानराव पहिल्या बसने वाघोलीला गेले. नाजिमाचा बोलणारा कॉम्प्युटर फायलींची नावं वाचू लागला आणि ते बोटांवर मोजू लागले. चाळीस भरली. ती कोऱ्या लाल ड्राइव्हवर उतरवताना तीन तास गेले. नाजिमाच्या आई मदिनाबी चहाला उठल्या, तर यांनी अदबीने विनवलं, अहो, गॅसवर करा, पण विजेच्या बटणाला कुणी हात लावू नका. मदिनाबी म्हणाल्या, "आमच्याकडे चहा गॅसवरच होतो." नाजिमा हसली तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला.

"एकच नाही," ती म्हणाली. "अर्थशास्त्राचं."

ते गेल्याच महिन्यात वाचलं गेलं होतं आणि वाचणाऱ्या शालूताई मुलीकडे अमेरिकेला गेल्या होत्या.

"मग तुम्ही वाचा."

"मी? माझा घसा बघ कसा आहे. आपलं काम रजिस्टरचं."

"सतरा जण थांबलेत, काका. घशाला कोण विचारतंय?"

अभयने कॉम्प्युटरला नवी डिस्क बसवून दिली आणि उरलेले अकरा दिवस समाधानराव सकाळ-संध्याकाळ माइकसमोर बसले. घसा धरला, हळदीचं दूध झालं, मागणी-पुरवठ्याचे तक्ते तोंडी सांगताना दोनदा चुकले आणि दोनदा पुन्हा वाचले. जसजसा धडा होई, तसतसा मुलांकडे जाई. परीक्षेच्या आदल्या दिवशी सकाळी शेवटचं पान संपलं. शेवटी वाचकाचं नाव सांगायची पद्धत होती. ते त्यांनी सांगितलं आणि माइक बंद करायचं विसरून तसेच बसले. मग म्हणाले, "नाजिमा, तुझे उपकार कसे फेडू, मला कळत नाही बाळ. तू पुसलं नाहीस."

अभयने ऐकलं आणि विचारलं, शेवटचं वाक्य कापू का? पुस्तकात नसलेला एक शब्दही आत राहू नये, असा केंद्राचा नियम समाधानरावांनीच लिहिलेला होता.

"राहू दे," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सतरा मुलं ते वाक्य ऐकून परीक्षेला बसली.