टेलला पाणी, हेडला मतपेटी

पाणी वापर संस्थेची निवडणूक कधी येते नि कधी जाते, हे गोठ्यातल्या म्हशीलाही कळत नाही. ना भोंगा, ना जेवणावळ. धरणाचं पाणी कालव्याच्या चारीनं कुणाच्या रानात कधी जायचं, हे मात्र तेच संचालक ठरवतात. चारीच्या तोंडाला, म्हणजे हेडला, ज्यांची रानं त्यांचा ऊस बारमाही हिरवा. शेवटाला, टेलला, हरभराही आभाळाकडं बघत वाढायचा. यंदा टेलच्या जाईबाई उभ्या राहिल्या.

आणि चमत्कार झाला. कधीची अडलेली टेलची पाण्याची पाळी नेमकी मतदानाच्या रविवारी लागली. मतपेटी हेडच्या गावात, पाणी टेलच्या रानात. पाणी वळवायला दारं धरावी तर मत गेलं, मताला जावं तर पाणी.

जाईबाईंनी चेअरमन गुरुलिंगअप्पांना गाठलं. अप्पा देवमाणूस. त्यांनी नाही म्हटल्याचं कुणाला आठवत नाही, आणि हो म्हणून काही दिल्याचंही.

"अप्पा, पाळी जरा पुढं ढकला."

"कमालच हाय जाईबाई! पाणी न्हाय म्हणून बोंब तुमचीच. आता दिलं तर नको? अन् मताला कुणी आडवलंय? पेटी उघडीच हाय की."

रविवारी चारीत पाणी आलं. जाईबाईंनी टेलच्या लोकांना बांधावर गोळा केलं. "तुमी समदे ट्रॉलीत बसून मत देऊन या. समद्यांची दारं म्या बघते."

ट्रॅक्टरवर बसलेला अमरसिंह हसला. "वा काकू! आमी शिक्का मारायचा, अन् तुमी आमचं पाणी तुमच्या हरभऱ्यात घालायचं व्हय?"

म्हटलं तर चेष्टाच, पण बांधावरचं कुणी हललं नाही. जाईबाईंच्या ते काळजाला लागलं. त्यांनी खोरं उचललं आणि आपल्या रानाचं दार चिखलानं बुजवून टाकलं.

"आता जा. तुमी येईस्तोवर माझं रान कोरडं."

मग ट्रॉली भरली.

ती वळणाआड जाते न जाते, तोच चारीतलं पाणी उतरायला लागलं. वरचं गेट कुणीतरी खाली पाडून पाणी बंद केलं होतं. जाईबाईंनी मोबाइल काढला आणि तसाच हातात धरून उभ्या राहिल्या. सांगावं, तर लोक मत सोडून गेटाकडं धावणार. गप्प बसावं, तर निवडून यायची आशा. मग पुढची पाणीपाळी आपल्या हातात. हिशोब सरळ होता, फायद्याचा होता. फक्त तो अप्पांच्या हिशोबासारखाच होता: लोकांना मागून कळलं तरी चालतंय.

त्यांनी फोन लावला. "अमरसिंह, पाणी तुटलंय. वरून गेट पाडलंय. मत द्यायचं का गेट उघडायचं, तुमचं तुमी ठरवा."

ट्रॉलीत गलका झाला आणि फोन कट झाला.

दुपार कलल्यावर पाणी परत आलं. गेटावर भांडण, मग कुलूप, मग किल्लीवाल्याचा शोध; तोवर मतपेटीला सील. टेलचं एकही मत पडलं नव्हतं. ट्रॉली आली तशी माणसं आपापल्या दाराकडं पळाली. अमरसिंह तेवढा थांबला.

"काकू, सांगितलंच नसतं तर? मतं पडली असती की."

"पडली असती. अन् उद्या तूच म्हणला असतास, काकूनं आमचं रान वाळवून खुर्ची घेतली."

अमरसिंहनं मान खाली घातली.

"म्हणलो असतो," तो म्हणाला, आणि पाणी गाठायला निघाला.