अमृतची राखाडी पँट

"ह्यातलं आमच्या अमृतचं कंचं?"

म्हातारी आत आली ती थेट हँगरच्या रांगेत शिरली. शंभर-सव्वाशे शर्ट लटकलेले. एकेकाची बाही धरायची, बोटानं चोळायची, सोडून द्यायची. बाजारात मेथीची पेंडी बघतात ना, तसं. मागं दारात तिची सून उभी. दोघी चपला बाहेर काढून आलेल्या. आमच्या इथं चपला कुणी काढत नाही.

"कोण अमृत?" मी विचारलं.

"मोडनिंबचे," सून म्हणाली. "हितं सात रस्त्याला प्लॉटच्या हापिसात हायेत. व्हते." मग खाली बघून म्हणाली, "बारा दिस झाले. सकाळी च्या पीत बसल्याले. कप बी पडला न्हाई हातातनं."

मी मशिनीवरून पाय काढला. अमृत गेला, हे मला असं कळलं. आणि त्याची थैली आठ दिवसांपूर्वी माझ्याच हातानं उघडली होती मी.

आता आमचं काम काय ते सांगतो. मी शिवलिंगप्पा, चाळीस वर्षं टेलर. रेडिमेडवाल्यांनी माझं दुकान बसवलं, म्हणून म्हातारपणी या कंपनीत लागलो. कंपनी पुण्याची, ही सोलापूरची शाखा. पुरुषांना कपडे भाड्यानं देते. लग्नाचा कोट नव्हे, रोजचे. महिन्याची वर्गणी भरायची, मोबाईलवर बघून तीन शर्ट, एक पँट निवडायची, आठ दिवस घालायची आणि न धुता थैलीत घालून परत. मग दुसरी थैली. धुवायचं नाही, इस्त्री नाही, कपाटच नको. प्लॉट विकणारी, कर्ज देणारी पोरं लई खूश. गिऱ्हाइकाला रोज नवा माणूस दिसतो.

कपड्याला नंबर असतो, नाव नसतं. धुऊन वाळला की दुसऱ्याच्या अंगावर.

"बस की अव्वा," मी म्हातारीला स्टूल दिलं.

"बसायला न्हाय आले. माजी वाकळ आडलीया." ती हँगर सोडेना. "आमच्यात जो जातो त्येचं कापड वाकळंत घालत्यात. सासऱ्याचं धोतर हाय, मालकाचा सदरा हाय, जावंचं लुगडं हाय. अमृतची जागा सोडून शिवलीया समदी. ही म्हनती, कापडच न्हाय. चाळीस वर्साच्या गड्याचं घरात कापड न्हाय व्हय?"

सुनेचं नाव रेश्मा. ती हळूच म्हणाली, "हे सुरू केलं तवा जुनी समदी बोहारणीला दिली की वो. तेच म्हनले, आता कशाला अडगळ. एक पातेलं आलं त्येच्यावर. अंगावरची लुंगी-बनियन त्यांच्यासंगं गेली. ऱ्हायली व्हती ती थैली. चौथ्या दिवशी तुमचा मानूस दारात आला, थैली द्या म्हनला. मी दिली. कशी दिली मलाच ठावं न्हाय."

"पातेलं शिवू का वाकळंत?" म्हातारी सुनेवर खेकसली.

मी वही बघितली. अमृतच्या शेवटच्या थैलीतले दोन शर्ट दुधनीला कुणाकडं गेलेले, तिसरा इथंच होता. बारीक निळ्या चौकड्यांचा. काढून म्हातारीच्या हातात दिला. तिनं उलगडला, कॉलर नाकाशी नेली. बराच वेळ तशीच. मग घडी न घालताच माझ्या टेबलावर ठेवला.

"साबनाचा वास हाय."

"धुतला ना अव्वा. मीच धुतला."

"किती जनांनी घातलाय ह्यो?"

मी खोटं बोलायला पाहिजे होतं. "तीस-पस्तीस," म्हणालो.

"मग ह्यो अमृतचा न्हाय. समद्यांचा हाय." ती म्हणाली. "अजून काय असंल तर बगा. एक येवढा तुकडा पायजे." तिनं वीतभर दाखवलं.

मी म्हणालो, "दुसरं काही नाही."

होतं. माझ्या पायाखाली, मशिनीच्या फळीखाली, पेपरात गुंडाळलेलं.

कंपनीचा एक नियम आहे, कात्री लावायची नाही. पँट लांब असेल तर आत दुमडून कच्चा टाका घालायचा. परत आली की टाका उसवला, पुन्हा होती तशी. आज बुटका, उद्या उंच. पण माझा हात चाळीस वर्षांचा. दोन वर्षांपूर्वी अमृत पहिल्यांदा आला. पाच फूट दोन इंच, तोंडात शेंगा, खिशात शेंगा. मोडनिंबच्या पाण्याच्या, पावसाच्या गोष्टी सांगत आरशापुढं उभा. मी ऐकत ऐकत खडूनं खूण केली, पँट टेबलावर घेतली आणि कात्री चालवली. करकर आवाज आला तेव्हा भानावर आलो. चार बोटं कापड खाली पडलेलं.

"काय झालं वो मास्तर?"

"नोकरी गेली माझी."

त्याला सांगितलं सगळं. त्यानं एक शेंग फोडली, अर्धी मला दिली. "आता ही दुसऱ्या कुनाला व्हनार न्हाय म्हना की."

"तुझ्याएवढं बुटकं गिऱ्हाईक नाही दुसरं."

"मग माजीच झाली ही. मास्तर, लगीन लावलंत तुमी आमचं." आणि हसला. "काय लिवायचं ते लिवा. मी न्हाय सांगत कुनाला."

मी कंप्युटरवर लिहिलं, दुरुस्तीत आहे. तेव्हापासून ती राखाडी पँट दुसऱ्या कुणाकडं गेलीच नाही. त्याच्या प्रत्येक थैलीत नंबराच्या पँटीखाली मी ती गुपचूप घालायचो. तो परत पाठवायचा. मी वेगळी धुवायचो, खिशातली टरफलं झाडायचो, शिव्या द्यायचो. दर महिन्याला पुण्याहून संघप्रिया मॅडमचा फोन यायचा, त्या एका पँटीचं काय झालं, आणि मी म्हणायचो, दुरुस्ती चालू आहे.

या खेपेला थैलीतून आली ती तशीच गुंडाळून ठेवलेली. सवडीनं धुवू म्हणून.

आता ती बाहेर काढायची म्हणजे नंबर गहाळ. गहाळ झाली की दोन वर्षांचं खोटं बाहेर. एकसष्ट वर्षांच्या टेलरला सोलापुरात कोण उभं करतं? मी टेबलावरचा निळा शर्ट उचलला, उगाच घडी घातली. मोडून पुन्हा घातली.

"चल गं," म्हातारी म्हणाली. गुडघ्यावर हात टेकून पायरी उतरली. रेश्मानं तिच्या चपला सरळ करून पुढं ठेवल्या. मग तिथूनच, माझ्याकडं न बघता म्हणाली, "मला लई बरं वाटलं व्हतं वो तवा. धुनं वाचलं म्हनून. दोन वर्सं त्यांचं एक कापड धुतलं न्हाय मी. शर्ट कंच्या रंगाचा घालून गेले, ते बी मी बगत नव्हते. रोजच नवा. काय बगायचं."

"अव्वा," मी हाक मारली. "माघारी ये."

पेपर सोडला. गुडघ्यावर फुगा आलेली, मागं बसून बसून चकाकलेली. म्हातारीनं पँट दोन्ही हातांनी घेतली. वास पण घेतला नाही आधी. कमरेपासून खाली हात फिरवत नेला, मोहरीपाशी थांबला.

"आखूड हाय."

"मी कापली. चुकून. म्हणून दुसऱ्या कुणालाच गेली नाही. दोन वर्षं त्याचीच आहे. धुतलेली नाही."

तिनं खिसा उलटा केला. शेंगदाण्याची लाल फोलपटं टेबलावर पडली, मशिनीवर पडली. रेश्मा पुढं आली आणि ती एकेक वेचायला लागली. उडतील म्हणून मी पंखा बंद केला.

"बरं केलंस बाबा, कापलीस ते," म्हातारी म्हणाली.

वाकळेसाठी तुकडा करून देऊ का विचारलं, तर नको म्हणाली, कात्री नको लावू आता. शिवण उसवून दे, अख्खी घालते. मग बसलो. बाजूची शिवण, आतली शिवण, कंबरेची पट्टी. माझाच टाका होता मोहरीला, बारीक घातलेला, सुटता सुटेना. दोघी स्टुलावर आणि पायरीवर बसून राहिल्या. तासभर लागला. चार सपाट तुकडे झाले, ते म्हातारीनं पदरात घेतले. फोलपटं रेश्माच्या रुमालात.

परवा पुण्याहून फोन आला.

"काका, ती राखाडी पँट? दोन वर्षं झाली की आता."

"आहे मॅडम," म्हणालो. "दुरुस्ती चालू आहे."