लोकरीच्या दुकानातली थंडी

"दार सताड उघडं ठेव, दुकान गारठवून ठेव, आणि गिऱ्हाईक कुडकुडल्याशिवाय त्याला लोकर दाखवू नकोस!"

बाबांना जाऊन इतकी वर्षं झाली, तरी रोज सकाळी दुकानाच्या शटरचं कुलूप काढताना धाकट्यांच्या कानात हाच आवाज घुमायचा. धाकटे आता साठीचे. थोरले भाऊ केव्हाच देवाघरी गेले होते, पण गल्लीनं एकदा धाकटे म्हटलं ते म्हटलं. ते कुलूप काढत, बाबांच्या तसबिरीला हात जोडत आणि दोन्ही एसी पूर्ण जोरात सोडत. त्यासरशी गल्लीतले दिवे मंद होत आणि समोरच्या दवाखान्यात दंतवैद्यांचं यंत्र कुणाच्या तरी दाढेत घरघरत थांबे.

"उघडलं वाटतं लोकरीचं दुकान," दंतवैद्य म्हणत, आणि पेशंट आ वासूनच मान डोलवी.

त्या गावात थंडी म्हणजे घाईतली पाहुणी. आली म्हणेस्तोवर निघालेली. तिथं स्वेटर खपवायचे तर थंडी दुकानातच तयार करायला हवी, ही बाबांची युक्ती. एसीचं नवल होतं तोवर ती चाललीही. लोक गंमत बघायला येत, दोनदा शिंकत आणि मफलर घेऊन जात. आता मात्र लोक नुसते गारव्याला येत. पोस्टमन उंबऱ्यात बसून पत्रं लावी. दोन पेन्शनर घरून स्टुलं आणत. केकवाल्यानं तर कहर केला होता. क्रीमचे केक तो खुशाल कानटोप्यांच्या फळीवर ठेवून जाई. आतला गारवा दारातून बाहेर, बाहेरचा उन्हाळा आत, आणि मधे गल्ल्यावर धाकटे बसलेले, अंगात तीन स्वेटर आणि टेबलाखाली गुडघे शेकायला विजेची शेगडी.

खरी विक्री व्हायची ती थंड मुलखाच्या प्रवासाला निघालेल्यांना, आणि तीही वहिनींच्या हातच्या विणीमुळे. वहिनी दुकानाच्या वरच्या खोलीत राहत, तिथंच विणत आणि दोन्ही वेळा धाकट्यांना जेवू घालत. धाकट्यांनी लग्न केलं नव्हतं. राहून गेलं, एवढंच.

एके दुपारी वहिनी विणकाम हातात घेऊन खाली आल्या.

"भाऊजी, ही बाही बघा."

"छानच आहे. कुणाच्या बाळाची?"

"बाळाची नाही. समोरच्या दंतवैद्यांची."

धाकट्यांनी बाही उलटीपालटी केली. तिच्यात दंतवैद्यांचं मनगटही शिरलं नसतं.

"घामानं हात ओले होतात, लोकर सुईला चिकटते, टाके आवळत जातात," वहिनी म्हणाल्या. "सकाळी मोठ्या माणसाची म्हणून धरलेली बाही दुपारपर्यंत तान्ह्याची होते. तुमच्या दोन्ही मशिनांची गरम हवा माझ्या खिडकीत येते, भाऊजी. खाली तुम्ही काकडता, वर मी शिजते."

"हात्तिच्या! मग वरही एक एसी बसवू की!"

"आणि त्याची गरम हवा कुठं सोडाल?"

धाकट्यांची नजर समोर दंतवैद्यांच्या खिडकीकडे वळली.

"नको," मान वर न करताच वहिनी म्हणाल्या. मग मीठ संपलंय असं सांगावं तशा सुरात म्हणाल्या, "मी परवा माझ्या भावाकडे जायचं म्हणते. कायमची."

धाकट्यांना शेगडी असूनही गुडघ्यापासून गार झाल्यासारखं वाटलं. 'आणि माझ्या जेवणाचं?' हे अगदी ओठांवर आलं होतं, ते त्यांनी गिळलं.

"दार लावा, मशिनं आवरा, एवढंच तर म्हणते मी."

"बाबांचा शब्द आहे, वहिनी. दार लावलेलं दुकान म्हणजे बुडालेलं दुकान, असं म्हणायचे ते."

वहिनी स्टुलावर टेकल्या. "मामंजींनी मलाही सांगितलं होतं. धाकट्याला एकटं टाकू नकोस, त्याला काही कळत नाही."

"कळत नाही असं म्हणाले?"

"दोनदा म्हणाले. देवापुढे दिवा लावावा, तसा नेमानं पाळला तो शब्द मी. पण आता तुमचा पाळायचा तर माझा मोडतो. दोन्ही पाळायचे असतील तर बिनखिडकीची वहिनी शोधा."

पेन्शनरांची कुजबुज थांबली होती. "दार लावलं तर आपण बसायचं कुठं?" त्यांतला एक पुटपुटला.

"तोंड मिट," दुसरा म्हणाला. "ऐकू दे."

धाकट्यांनी तसबिरीकडे पाहिलं. रोज हात जोडत होते, पण नीट बघितलं ते आज. बाबांच्या अंगात पातळ मलमलीचा सदरा होता. आणि त्यांना आठवलं, बाबा दुकानात बसतच कुठं होते? ते बाहेर बाकावर बसून गिऱ्हाईक हेरायचे. काकडायला आत धाकट्यांना बसवायचे.

"वहिनी, शब्द देतो. आजपासून दार लागेल. एकच मशीन चालेल, तेही बेतानं. आणि त्याची बाहेरची पेटी तुमच्या खिडकीखालून हलेल."

"तुमचं 'आजपासून' मला माहितीये. गळक्या नळालाही हेच म्हणाला होतात."

"परवापर्यंत झालं नाही, तर तुमची बॅग मी स्वतः उचलून देतो."

"भरून ठेवलीय," वहिनी म्हणाल्या आणि जिना चढून गेल्या.

धाकट्यांनी शेगडी बंद केली. एक एसी बंद केला, दुसरा बंद केला. समोर दंतवैद्यांच्या यंत्राला एकदम अवसान आलं, पाठोपाठ पेशंटलाही. धाकट्यांनी तिन्ही स्वेटर काढून घडी घालून ठेवले, केक केकवाल्याला नेऊन दिले आणि दाराला हात घातला. रात्रीही नुसतं शटरच ओढलं जाई; वर्षानुवर्षं सताड उघडं राहून दार जागच्या जागी गंजलं होतं. शेवटी दोन्ही पेन्शनरांनी कुरकुरत खांदा लावला.

"दुकान बंद?" पोस्टमननं पत्रं गोळा करत विचारलं.

"बंद नाही. दार लावलंय."

भर दुपारी ते रस्त्यावर उतरले. दहा पावलांत सदरा पाठीला चिकटला. वहिनी रोज काय सोसत असतील ते त्यांना पाठीवरून कळत गेलं. कोपऱ्यावरच्या चांभारापाशी ते थांबले.

"का हो, एसी दुरुस्त करणाऱ्या बाईंचं दुकान कुठं आलं?"

"पुलापलीकडे. पण आत्ता एवढ्या उन्हात? संध्याकाळी जा की."

"नको," धाकटे म्हणाले. त्यांनी डोक्यावर रुमाल टाकला आणि पुलाच्या दिशेनं चालायला लागले.