फोन कोणी दाखवला

उदयसिंगने घरी आलेल्या हरीओमला 'बस' म्हटलं नाही. उदयसिंगची आई रुपाबाई हिनेच खुर्ची पुढे सरकवली आणि ती चहा टाकायला आत गेली.

दोघेही एकाच मालवाहू जहाजावरचे खलाशी. उदयसिंग केनवडचा, हरीओम इंझोरीचा. एका जिल्ह्याचे म्हणून परमुलखात भावासारखे राहिले. तिकडे लढाई पेटली, तेव्हा तिथल्या सैन्याने जहाज शत्रूचं ठरवलं आणि सगळ्यांना किनाऱ्यावरच्या गोदामात कैदी म्हणून डांबलं. उदयसिंगने एक फोन तांदळाच्या पोत्यात लपवला होता. एका सकाळी पहारेकरी आले ते सरळ त्या पोत्याशीच गेले. त्यांनी उदयसिंगचा हात मोडला.

हरीओमला मात्र ते रोज दुपारी बाहेर नेत. एका पहारेकऱ्याची शेळी विताना अडली होती. शेतकऱ्याचा पोर असलेल्या हरीओमने ती मोकळी केली आणि तेव्हापासून शेळ्यांचं काम त्याच्याकडेच आलं. गोदामात हे कोणालाच पटलं नाही. सुटून परत येताना विमानातही उदयसिंग त्याच्याशी बोलला नव्हता.

"तुले कायले नेत होते रोज?" आता त्याने विचारलं.

"सांगतलं ना तवाच. बकऱ्या पाहाले."

"अन् माह्या फोनचं त्याईले बकरीनं सांगतलं?"

जहाजावरच्या म्हाताऱ्या स्वयंपाक्याने पहारेकऱ्यांना पोत्याकडे खूण केलेली हरीओमने पाहिली होती. त्याच संध्याकाळी म्हाताऱ्याला साखरेच्या आजाराची सुई मिळाली. तिच्याविना तो मरायलाच टेकला होता. पुढे त्यानेच उदयसिंगला स्वतःच्या हाताने भरवलं. उदयसिंग अजूनही त्याला काका म्हणत होता, सणावाराला फोन करत होता.

"तू नाही, तं मंग कोन? नाव घे."

हरीओमने त्याच्या हाताकडे पाहिलं. कोपर वाकत नव्हतं.

"मले नाही माहीत," तो म्हणाला. बोलताना त्याची नजर खाली गेली, आणि ती उदयसिंगच्या नजरेतून सुटली नाही.

"जाय मंग," उदयसिंग म्हणाला.

रुपाबाई सडकेपर्यंत मागोमाग आली. तिने हळूच विचारलं, "तू नाही ना केलं, बाप्पा?"

त्याने नकारार्थी मान हलवली. ती त्याच्या तोंडाकडे बराच वेळ पाहत राहिली आणि परतली.

मालेगावची बस आली. कंडक्टरने दार उघडून हाक दिली. हरीओमने उदयसिंगच्या गल्लीकडे वळून पाहिलं, हातानेच बस पुढे जाऊ द्यायची खूण केली आणि तो परत त्या घराकडे निघाला.