विटेचा बैल

आठवीत मॉनिटर झाले तेव्हापासून माझा आवाज आमच्या क्वार्टरांच्या शेवटच्या टोकापर्यंत जायचा. वर्गातल्या चाळीस पोरी ऐकतात, मग घरची पाच वर्षांची शीला का नाही ऐकणार? तिची खेळणी खोलीभर. मी एक रिकामं खोकं आणलं, त्यावर खडूनं ‘जागा’ लिहिलं आणि कायदा सांगितला.

"सकाळी प्लांटचा भोंगा वाजला, की जमिनीवर जे दिसन ते भंगार. फेकून देईन. समजलं?"

"हो वो ताई."

खरंच शिकली. बाहुली, चूलबोळकी, बांगड्यांचे तुकडे, सगळं खोक्यात. शेजारच्या मैनाबाईंना मी मुद्दाम बोलावून दाखवलं. "वा वो मास्तरीण!" त्या म्हणाल्या. मी अशी फुगले!

तान्हा पोळा, पोरांनी लाकडी बैल मिरवायचा दिवस. सकाळी भोंगा झाला. शीला मोरीत अंघोळ करत होती. खाटेखाली तिचा लाकडी बैल, बाबांनी मशिनच्या पेटीच्या फळीतून कोरलेला. सुतळीनं खाटेच्या पायाला बांधलेला, पुढ्यात गवताचा पसारा. खोकं तर हातभर अंतरावर! दारात कचरागाडी उभीच होती. सुतळी तोडली, टाकला.

शीला ओल्या केसांनी आली, खाटेखाली वाकली.

"ताई, माहा बैल?"

"जागेवर नव्हता. गेला कचऱ्यात."

"होता ना जागेवर. बैल पेटीत नाही राहत वो, गोठ्यात राहते. म्या त्याले चारा टाकला होता."

मी धावले. गाडी केव्हाच गेली होती. गावी आजोबांच्या गोठ्यात बैलांना चारा टाकत वाढलेली मी, आणि मलाच कळू नये?

शिफ्टवरून आल्यावर बाबांनी विचारलं, "बैल कुठी आहे?"

मी तोंड उघडायच्या आत शीला म्हणाली, "म्या जागेवर नाही ठेवला. भंगार झाला."

आणि मी गप्प बसले. मॉनिटरीणबाई, गप्प.

संध्याकाळी मैदानात पोरं बैल सजवून जमली. शीलानं विटेला सुतळी बांधली, खडूनं डोळे काढले आणि ओढत निघाली. "हा कोणत्या जातीचा बैल वो?" मैनाबाई हसल्या.

"हरवला इनं," बाबा म्हणाले. "सांभाळता येत नाही काही."

शीलाची मान खाली.

"बाबा, तिनं नाही." माझा आवाज फाटला. "म्या फेकला. तिनं तर गोठ्यात बांधला होता."

बाबांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. वाकून विटेला गुलाल लावला.

घरी येऊन शीलानं वीट खाटेच्या पायाला बांधली. मग माझ्याकडे पाहिलं आणि घाईघाईनं सोडून खोक्यात ठेवायला निघाली.

मी खोकं पाठीमागे सरकवलं आणि गवत आणायला बाहेर गेले.