पहिला घास शरिफाचा

मी लालमहंमद. धाराशिवात लग्नाची देग चढवायची म्हणलं की लोक मलाच बोलावतात. तोंडानं कडक हाय मी, पण हाताला चव हाय, म्हणून खपवून घेतात. माझा एक रिवाज हाय. देगीचं कणकेनं बंद केलेलं झाकण उघडलं की पहिली ताटली नवरदेवाच्या बापाची न्हाय, माझ्या बायकोची. शरिफानं घास घेऊन मान हलवली की मगच दस्तरखानावर ताटं जायची. बाकीच्या बाया नवऱ्याकडं दागिना मागतात, ही म्हणायची, "अजून थोडं वाढा." मी खूश.

पुढं तिचं अंग सुटलं, गुडघे गेले, साखर आली, जिना चढताना धाप लागायला लागली. पाहुण्यारावळ्यात तिला हावरी म्हणायचे. जो म्हणायचा, त्याच्या ताटात मी नुसती हाडं वाढायचो.

आमची लेक फरहाना तिला डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेली आन् आठवड्याला एक सुई सुरू झाली, वजन उतरवायची. तवापासनं शरिफा अर्धी भाकर खाऊन हात धुवायला लागली. म्या बकऱ्याचा पाया केला, खिचडा केला, ईद नसताना शीरखुर्मा केला. ती दोन घास खायची आन् बाकीचं डबा भरून शेजारच्या चांगुणाबाईकडं धाडायची. चांगुणाबाईचं बरं चाललं व्हतं. माझं न्हाय.

येडशीच्या लग्नात तर कहर झाला. झाकण उघडून ताटली पुढं केली, तर तिनं वासानंच तोंड फिरवलं. "आज नको हो, मळमळतंय." बिर्याणी तशीच पंगतीला गेली, अळणी. लोक चांगले, कुणी बोललं न्हाय. पण मला मिठाचं दुःख नव्हतं. मला गोड बोलता येत न्हाय. बायकोला जे काय सांगायचं ते म्या जन्मभर ताटातच वाढलं. तेच तिला नको झालं तर माझ्याकडं उरलं काय?

दुसऱ्या दिवशी तिच्यासंगं दवाखान्यात गेलो आन् बाईंना तोंडावर म्हणलं, "ती सुई बंद करा. माझ्या बायकोची भूक मारलीत तुमी."

बाई तरणी, पण चिडली न्हाय. "चाचा, आधी बसा. भूक पोटात वाटते, पण तिचा कारभार मेंदूत चालतो. तुमचं पोट भरलं की आतडं मेंदूला निरोप धाडतं, आता बस. चाचींच्या मेंदूला तो निरोप नीट पोचतच नव्हता. काहींचं जन्मतःच तसं असतं. त्यात उपाशी राहून वजन उतरवलं की मेंदूला वाटतं दुष्काळ पडला, मग तो आणखीच खा खा करतो. ही सुई तोच निरोप जरा मोठ्यानं सांगते. मळमळीचं मी बघते. पण त्यांची हाव नव्हती ती, आणि तुमच्या हातातही काही कमी नाही."

"अहो, पण ती हौसेनं खायची."

तवा शरिफा बोलली, खाली बघत. "हौस कसली हो. जेवून उठले की डोक्यात परत सुरू. कपडे धुताना तेच, नमाजला उभी राहिले तरी तेच, की डब्यात काय उरलंय. रमजानात सगळेच भुकेले असायचे, तेवढंच बरं वाटायचं, आपण एकट्या न्हाय म्हणून. तुमच्या हातचं मला कधी नीट कळलंच न्हाय. गिळायची घाई असायची. आता डोकं गप झालंय. तुमी बोलता ते ऐकू येतं मला."

एवढी वर्सं एका ताटाला बसलो आन् मला हे ठाऊक नव्हतं. लई वाईट वाटलं. बाईंना म्हणलं, "सुई चालू ठेवा." आन् घरी येईपर्यंत आवाज खाली ठेवून बोललो, तिला ऐकू येतंय म्हणल्यावर.

पुढची दावत तुळजापूर रोडला व्हती. झाकण उघडलं, पण म्या ताटली काढली न्हाय. बिचारीला कशाला त्रास? तर ती बायकांच्या मांडवातनं गुडघ्यावर हात ठेवत आली आन् देगीपाशी बसली.

"माझा घास कुठाय?"

"भूक हाय का तुला?"

"न्हाय."

तरी तिनं हात पुढं केला. म्या ताटलीत घासभर वाढलं. ती चावत बसली, सावकाश. पंगतीतनं हाका येत व्हत्या, मी म्हणलं थांबा जरा.

"मीठ कमी हाय," ती म्हणाली. "आन् पुदिना लई."

"पुदिना मी पहिल्यापासनं एवढाच टाकतो. आजवर मान हलवत व्हतीस की."

"आजवर चव कुठं बघितली व्हती?"

दुसऱ्या कुणी पुदिन्याचं नाव काढलं असतं तर म्या झारा फेकून मारला असता. मी मुकाट मिठाचं पाणी केलं आन् देगीत शिंपडलं. भूक नसताना ती माझ्या हातचं खायला आली व्हती.