काशाच्या बैलाचं आवतण

संग्रहालयातला तो काशाचा बैल जेमतेम वीतभर उंच. पाटीवर त्याचं वय हजार वर्षं लिहिलेलं. रुपरावाच्या लेखी मात्र ते तरणं खोंडच होतं. दालनात कोणी नसलं की तो त्याला भिवापूरकडच्या पाऊसपाण्याची खबर द्यायचा. घरची शेती भावानं सांभाळली आणि हा नागपुरात खाकी घालून काचा पुसायला लागला, पण बैलांची माया काही सुटली नाही.

१९७४ साली त्याला पोळ्याची रजा मिळाली नाही. पुढच्या महिन्यात नोकरीत कायम व्हायचं होतं, म्हणून तोंड गप्प बसलं. हात कुठे बसतात? पोळ्याच्या आदल्या दिवशी या शहाण्यानं घरून तूप-हळद आणली, काचेचं कपाट उघडलं आणि वर्षभर जू ओढलेल्या बैलाचे मळावेत तसे त्याचे खांदे मळले.

नेमक्या सत्यवतीबाई आत आल्या. त्या संग्रहालयाच्या प्रमुख. हातमोज्याशिवाय वस्तूला कोणी बोट लावलेलं त्यांना खपत नसे. पिवळे खांदे पाहून त्यांचा चेहराच पडला. धातूवरचा जुना हिरवा थर एकदा गेला की गेला, हे त्यांनी रुपरावाला दहादा बजावलं होतं. त्या कापूस घेऊन बसल्या आणि अर्धा तास हलक्या हातानं पुसत राहिल्या. रुपराव समोर उभा. कायम होणं दूरच, आहे ती नोकरीही गेली, असं तो धरूनच चालला.

थर शाबूत निघाला. मग बाईंनी कारण विचारलं.

"आज गावात साऱ्या बैलायचे खांदे मळून राहिले असन, बाई. मनलं, याचेच काहून सोडाचे?" रुपराव खाली बघत म्हणाला. "आवतन बी देऊन टाकलं मी त्याले. आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

बाईंनी कापूस बाजूला ठेवला. मग पुन्हा हात लावणार नाही, असं त्यांनी त्याच्याकडून लिहून घेतलं आणि तो कागद वर न पाठवता आपल्याच खणात टाकला.

"आवतण दिलंत, आता पाहुण्याला उपाशी ठेवू नका," त्या म्हणाल्या. "उद्या पुरणपोळी आणा, काचेबाहेर ठेवा. आणि कपाटाची किल्ली आत्ताच इकडे द्या."

किल्ली देताना रुपरावाचे डोळे भरून आले. नोकरीचं विचारायचं तो विसरूनच गेला; त्याचा बैल उद्या जेवणार होता.